पाळी गेल्यानंतर – लेखांक ७ : अंधाराचा सांगावा

मावशीचा फोन रात्री साडेनऊला आला. लेकीनं अमेरिकेतून पाठवलेलं पार्सल दुपारी पोचलं होतं. त्यात बदाम, सुती मोजे आणि एक बाटली निघाली. बाटलीवर लिहिलेलं : मेलाटोनिन, १० मिलिग्रॅम.

मावशी छप्पन्न वर्षांची. पाळी जाऊन आठ वर्षं झाली. अलीकडे तिची रात्र अडीच-तीनला मोडते. छातीतून वाफ उठते, गाऊनचा गळा ओला होतो. ती उठून पंखा वाढवते, थोड्या वेळानं गारठते, पांघरूण ओढते आणि दूधवाल्याची चाहूल लागेपर्यंत तशीच पडून राहते.

"अगं, या गोळीनं झोप येते हे मला कळतं," ती म्हणाली. "पण लेकीच्या मैत्रिणी सांगतात, की या गोळीनं बाईचे हार्मोन पुन्हा जागेवर येतात. पाळी गेल्यावर जे जे कमी होतं ते भरून निघतं. खरं का गं?"

"मावशी, आज नको घेऊस. मी तुला नीट सांगते," एवढंच मी म्हटलं. एका वाक्यात उत्तर देता येईना, कारण तिच्या प्रश्नात थोडं खरं आहे. मेलाटोनिन आणि स्त्रीची प्रजनन-संप्रेरकं यांचं नातं शास्त्रज्ञांनी साठ वर्षांहून जास्त काळ तपासलं आहे. पण ते नातं कुणाच्या शरीरात, कोणत्या वयात आणि किती मात्रेला दिसलं, हे वेगवेगळं पाहावं लागतं. तेवढं पाहिलं की बाटलीकडून काय मिळेल आणि काय मिळणार नाही, हे मावशीलाही ठरवता येईल.

तुटलेला संवाद

मागच्या लेखांकांत पाहिलेलं थोडक्यात आठवू. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयांत दहा ते वीस लाख बीजं असतात. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात. पाळी जाते तेव्हा हजारभर उरलेली असतात आणि तीही फारशी प्रतिसाद देत नाहीत. सलग बारा महिने पाळी आली नाही, की रजोनिवृत्ती झाली असं म्हणतात. पाश्चात्त्य देशांत याचं सरासरी वय ५१ आहे, भारतात ते ४६-४७ च्या आसपास येतं.

मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एफएसएच आणि एलएच ही दोन संप्रेरकं पाठवून अंडाशयाला कामाला लावते. अंडाशय इस्ट्रोजेन तयार करतं आणि इस्ट्रोजेनच मेंदूला कळवतं, की पुरे, काम झालं. बीजं संपली की हे 'पुरे' थांबतं. मग पीयूषिका अधिकाधिक मोठ्यानं हाका मारत राहते. पाळीच्या वयात चक्राच्या सुरुवातीला साधारण दहाच्या आत असणारा एफएसएच नंतर तीस ओलांडतो, कित्येकींचा साठ ते शंभरपर्यंत जातो. एस्ट्रॅडिऑल हे मुख्य इस्ट्रोजेन मात्र एका मिलिलिटर रक्तात वीस पिकोग्रॅमच्या आसपास किंवा त्याखाली येतं. जे थोडं इस्ट्रोजेन उरतं ते बहुतांशी चरबीत बनतं. ॲरोमाटेज नावाचं विकर तिथे पुरुषी संप्रेरकांचं रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करतं.

काहींच्या वाट्याला या संवादाचं असं हळूहळू मंदावणं येतच नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची २०१९ मध्ये सरकारी समितीनं पाहणी केली. सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली, आणि त्यांत ऐन तिशीतल्या बायाही होत्या. अशा शस्त्रक्रियेत अंडाशयंही काढली गेली, तर दहा-पंधरा वर्षांनी व्हायचा बदल एका दिवसात होतो. 'हार्मोन परत आणणारी गोळी' हे शब्द अशा बाईच्या कानाला किती आशेचे वाटतील, हे ध्यानात ठेवूनच पुढचं लिहिते आहे.

बेडकाची कातडी आणि गाईचा मेंदू

मेंदूच्या अगदी मध्यावर, चिलगोज्याच्या झाडाच्या शंकूसारखी दिसणारी, एका ग्रॅमच्या दशांशाहून थोडी जास्त वजनाची एक ग्रंथी आहे. तिचं नाव पीनियल. सतराव्या शतकात देकार्तनं तिला आत्म्याचं आसन म्हटलं. वैद्यकात तिचा प्रजननाशी संबंध जोडला गेला तो १८९८ मध्ये. ओटो हॉयब्नर या जर्मन डॉक्टरांनी अकाली वयात आलेल्या एका लहान मुलाची नोंद केली, आणि त्याच्या पीनियलमध्ये गाठ होती. ही ग्रंथी वयात येण्याला आवर घालत असावी, ही कल्पना तिथून रुजली.

मेलाटोनिन सापडलं ते मात्र कातडीच्या शोधात. १९१७ मध्ये मॅकॉर्ड आणि ॲलन या संशोधकांना दिसलं, की गाईच्या पीनियलचा अर्क दिला की बेडकाच्या पिल्लांची कातडी फिकी पडते. येल विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ एरन लर्नर यांनी हा धागा उचलला. कोडासारख्या विकारात त्वचेचा रंग का बदलतो, हे त्यांना शोधायचं होतं. कत्तलखान्यातून आणलेल्या गाईंच्या हजारो पीनियल ग्रंथींमधून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये तो पदार्थ वेगळा केला. ग्रीक भाषेत 'मेलास' म्हणजे काळा. त्याला सेरोटोनिनचं शेपूट जोडून नाव झालं मेलाटोनिन. माणसाच्या कातडीवर त्याचा तसा परिणाम दिसला नाही आणि लर्नर यांचा मूळ हेतू साधला नाही. नाव तेवढं राहिलं.

सांगावा निघतो कसा

डोळ्याच्या दृष्टिपटलात काही पेशी चित्र दाखवण्याचं काम करत नाहीत. उजेड आहे की नाही, एवढंच त्या मोजतात. त्यांत मेलानॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं आणि निळसर उजेडाला ते सर्वांत जास्त प्रतिसाद देतं. या पेशींचा शोध पक्का झाला तो २००२ च्या सुमारास. त्यांचा निरोप मेंदूतल्या मुख्य घड्याळाकडे जातो. सुमारे वीस हजार चेतापेशींचं हे घड्याळ डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात, तिथे वर बसलेलं आहे. तिथून निरोप पाठीच्या कण्यात उतरतो, मानेतल्या एका चेतागंडिकेपर्यंत येतो आणि पुन्हा वर चढून पीनियलला पोचतो. दोन बोटांच्या अंतरासाठी मानेपर्यंत जाऊन यायचं, अशी ही वाट आहे.

अंधार पडला, की पीनियल अन्नातल्या ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन आणि त्यापासून मेलाटोनिन तयार करते. झोपेच्या सुमारे दोन तास आधी ते रक्तात चढू लागतं, मध्यरात्रीनंतर दोन ते चारच्या दरम्यान सर्वांत जास्त असतं आणि पहाटेबरोबर उतरतं. साठवण अशी नाहीच. जेवढं बनतं तेवढं लगेच रक्तात येतं आणि तासाभराच्या आत निम्मं संपतं. त्यामुळे रक्तातलं मेलाटोनिन म्हणजे रात्र किती लांब आहे, याचा शरीरभर फिरणारा सांगावा. ते माणसाला झोपेत ढकलत नाही. निशाचर उंदराच्या अंगातही ते रात्रीच वाढतं, आणि तो तर रात्रभर जागा असतो.

दिवा लावला की हा सांगावा अडतो. १९८० मध्ये आल्फ्रेड लेवी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की २५०० लक्सचा प्रखर उजेड माणसाचं रात्रीचं मेलाटोनिन दाबतो. पुढे २०११ मध्ये दिसलं, की २०० लक्सच्या आतला, म्हणजे घरातला साधा उजेडसुद्धा पुरतो. झोपण्याआधी अशा उजेडात बसणाऱ्यांच्या रक्तात मेलाटोनिन राहण्याचा काळ सुमारे दीड तासानं कमी झाला.

मेंढीनं ऐकलं, उंदरानं ऐकलं

आता मावशीच्या प्रश्नातल्या खऱ्या भागाकडे येऊ. १९६३ मध्ये रिचर्ड वर्टमन आणि ज्युलियस ॲक्सेलरॉड यांनी सहकाऱ्यासह उंदरांच्या माद्यांना मेलाटोनिन दिलं, तेव्हा त्यांच्या अंडाशयांचं वजन कमी भरलं. मेलाटोनिन प्रजननाला लगाम घालतं याचा हा पहिला ठोस पुरावा. दोन वर्षांनी हॉफमन आणि रायटर यांनी हॅमस्टरवर प्रयोग केला. दिवस लहान केले की हॅमस्टरची प्रजननेंद्रियं आक्रसत, पण पीनियल काढून टाकली तर तसं होत नसे. आपल्याकडे वाराणसीच्या बनारस हिंदू विश्वविद्यालयात चंदना हलदार आणि सहकाऱ्यांनी पाच पट्ट्यांच्या खारीचा वर्षभराचा क्रम तपासला. पीनियल जोरात असते त्या महिन्यांत खारीची प्रजननेंद्रियं थंडावलेली असतात.

मेंढीचं मात्र उलटं निघालं. थंड प्रदेशातल्या मेंढ्या दिवस लहान होऊ लागले की माजावर येतात, कारण पाच महिन्यांचा गाभणकाळ पूर्ण होऊन कोकरू वसंतात जन्मायला हवं. अशा मेंढ्यांचा हंगाम अलीकडे आणण्यासाठी मेंढपाळ त्यांच्या कानामागे मेलाटोनिनची बारीक गोळी बसवतात. तिथे तो लगाम नसतो, टाच असते.

म्हणजे हॅमस्टरला आणि मेंढीला रात्र लांबल्याचा सांगावा एकच येतो. हॅमस्टर त्याचा अर्थ 'आता थांब' असा घेतो, मेंढी 'आता वेळ झाली' असा घेते. अर्थ सांगाव्यात नसतो, ऐकणाऱ्याच्या शरीरात असतो. मावशीच्या प्रश्नाची किल्ली इथेच आहे.

माणसाची बाई हंगामी नाही, तिला बारा महिने पाळी येते. शिवाय आपल्याकडे ऋतूंचा फरकही फार नाही. पुण्यात सर्वांत लहान दिवस अकरा तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा. लंडनला हेच आकडे पावणेआठ-आठ आणि साडेसोळाच्या पुढे जातात. तरी स्त्रीचं शरीर अगदी बहिरं नाही. बीज ज्या द्रवात वाढतं, त्यात रक्तातल्यापेक्षा जास्त मेलाटोनिन सापडतं, आणि पक्व होणाऱ्या बीजाला ते झिजेपासून सांभाळतं असं मानलं जातं. मोठ्या मात्रेत ते पीयूषिकेलाही आवरतं. १९९२ मध्ये नेदरलँड्समध्ये संततिनियमनासाठी प्रयोग झाला. स्त्रियांना रोज ३०० मिलिग्रॅम मेलाटोनिन दिलं, तेव्हा एलएच उतरला, आणि प्रोजेस्टिनची जोड दिल्यावर बीज बाहेर पडणं थांबवता आलं. ३०० मिलिग्रॅम म्हणजे मावशीच्या बाटलीतल्या तीस गोळ्या एका दिवसात. ते औषध बाजारात आलं नाही. पण त्यातून दोन गोष्टी कळतात : परिणामासाठी मात्रा प्रचंड लागली, आणि जो परिणाम झाला तो संप्रेरकं वाढण्याचा नव्हता, दबण्याचा होता.

ऐकणारं घर बदललं

पाळी गेल्यावर मेलाटोनिनचं काय होतं? फिनलंडमध्ये २०१४ साली पाळी जाण्याच्या उंबरठ्यावरच्या आणि पाळी गेलेल्या स्त्रियांचं रात्रभर रक्त तपासलं गेलं. पाळी गेलेल्यांचं रात्रीचं मेलाटोनिन कमी होतं, शिखराची वेळ मात्र बदललेली नव्हती. वयानुसार पीनियलमध्ये कॅल्शियम साचतं, घड्याळाची धार बोथट होते, डोळ्याचं भिंग पिवळसर पडून निळा उजेड कमी आत येतो. ही सगळी कारणं संभवतात. तरी हा नियम प्रत्येकीला लागू पडत नाही. बॉस्टनमध्ये १९९९ साली निरोगी, औषधं न घेणाऱ्या ज्येष्ठांची तपासणी झाली, त्यांतल्या बहुतेकांचं मेलाटोनिन तरुणांच्या बरोबरीचं निघालं.

मेलाटोनिन उतरतं आणि एफएसएच चढतो, हे दोन्ही एकाच दशकात घडतं. म्हणून एकामुळे दुसरं होत असेल, असं मानणं सोपं होतं. 'मेलाटोनिन भरून काढा म्हणजे वय मागे सरेल' हा विचार १९९० च्या दशकात खूप गाजला. त्याचे पुरस्कर्ते वॉल्टर पियरपाओली यांनी १९९५ मध्ये त्यावर सहलेखकासह एक लोकप्रिय पुस्तकही लिहिलं. २००१ मध्ये ते सहभागी असलेल्या गटानं एक चाचणी प्रसिद्ध केली. ४२ ते ६२ वर्षांच्या स्त्रियांना सहा महिने रोज झोपताना ३ मिलिग्रॅम मेलाटोनिन किंवा तशीच दिसणारी रिकामी गोळी दिली. मूळचं मेलाटोनिन कमी असणाऱ्यांचा एफएसएच थोडा उतरला आणि अनेकींनी मन हलकं झाल्याचं सांगितलं. एलएच उतरला तो ४३ ते ४९ वयाच्या स्त्रियांचा. पन्नाशीपुढच्यांच्या एलएचमध्ये फरक पडला नाही.

हा निकाल 'मेलाटोनिननं हार्मोन सुधारतात' या समजाच्या मुळाशी आहे, म्हणून तो नीट वाचायला हवा. ज्यांच्या अंडाशयांत अजून थोडी धुगधुगी होती, त्या वयात एलएच हलला. जिथे संवाद पूर्ण तुटला होता तिथे तो हलला नाही. शिवाय पीयूषिकेची हाक जराशी खाली येणं म्हणजे अंडाशयानं पुन्हा इस्ट्रोजेन बनवणं नव्हे. हजारभर थकलेल्या बीजांची लाख बीजं कुठल्याही सांगाव्यानं होत नाहीत.

दुसरी चाचणी थेट इस्ट्रोजेनवरची. हार्वर्डमधल्या ईव्हा शेर्नहामर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ती प्रसिद्ध केली. पाळी गेलेल्या आणि स्तनाच्या कर्करोगातून बाहेर आलेल्या ९५ स्त्रिया, चार महिने, रोज ३ मिलिग्रॅम. प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींमध्ये मेलाटोनिन ॲरोमाटेजला आवरतं, असं स्पेनमधल्या संशोधकांना दिसलं होतं. म्हणून इथे अपेक्षा उलटी होती, की इस्ट्रोजेन आणखी घटावं. ते घटलं नाही आणि वाढलंही नाही. त्याच स्त्रियांची झोप मात्र सुधारल्याचं पुढे २०१४ मध्ये नोंदलं गेलं.

तिसरा अभ्यास जपानचा, २००८ चा. पाळी गेलेल्या दोनशेहून अधिक स्त्रियांमध्ये, रात्री एकनंतरही जाग्या असणाऱ्यांचं एस्ट्रॅडिऑल वेळेवर झोपणाऱ्यांपेक्षा जास्त आणि लघवीतून येणारं मेलाटोनिनचं प्रमाण कमी आढळलं. म्हणजे मेलाटोनिन कमी तर इस्ट्रोजेन जास्त, असं सरळ समीकरण झालं ना? पण सगळ्या स्त्रियांची दोन्ही मापं एकमेकांशी ताडली, तेव्हा त्यांच्यात थेट नातं दिसलं नाही. रात्रीच्या जागरणाचा संप्रेरकांवर परिणाम होत असेलही, पण त्याची सगळी वाट मेलाटोनिनमधून जात नाही.

तिन्ही एकत्र ठेवले की मावशीचं उत्तर तयार होतं. अंधाराचा सांगावा पाळी गेल्यावरही दर रात्री निघतो, काहींचा क्षीण आवाजात. पण ज्या अंडाशयाच्या दारात तो पूर्वी थबकायचा, तिथे आता कुणी उत्तर देत नाही. त्याचे उरलेले ऐकणारे म्हणजे मेंदू, रक्तवाहिन्या, हाडं आणि झोप-जागेचं चक्र.

रात्रीच्या वाफा कुठून येतात

मावशीला झोपेतून उठवणारी वाफ मेलाटोनिनच्या कमतरतेतून येत नाही. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये न्यूरोकायनिन-बी वापरणाऱ्या चेतापेशींचा एक समूह आहे. इस्ट्रोजेन त्यांना काबूत ठेवतं. इस्ट्रोजेन गेलं की या पेशी फुगतात आणि जास्त जोरात निरोप सोडू लागतात. ॲरिझोनातल्या नओमी रान्स यांनी पाळी गेलेल्या स्त्रियांच्या मेंदूत हा बदल दाखवून दिला. शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्र शेजारीच आहे. ते या गोंधळात फसतं, किंचित उष्म्यालाही भट्टी समजतं आणि घामाची दारं उघडतं. हे कळल्यामुळेच न्यूरोकायनिनची वाट अडवणारं फेझोलिनेटंट हे औषध तयार झालं. अमेरिकेत त्याला मे २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ते घेताना यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात.

याचा व्यवहारातला अर्थ असा. वाफेनं झोप मोडत असेल तर आधी वाफेवर उपचार हवा. त्यासाठी इस्ट्रोजेनचे उपचार आहेत, ज्यांना ते चालत नाहीत त्यांच्यासाठी दुसरी औषधं आहेत आणि विचार-वर्तन पद्धतीचं समुपदेशनही आहे. मेलाटोनिननं वाफा भरवशानं कमी होतात, असं चाचण्यांमध्ये दिसलेलं नाही.

रात्रपाळी

रात्रीचा दिवा अंधाराचा सांगावा अडवतो, हे वर पाहिलं. त्या उजेडाची भीती मात्र निराधार नाही. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासातून २००१ मध्ये पुढे आलं, की तीस किंवा अधिक वर्षं फिरत्या रात्रपाळ्या केलेल्यांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचा धोका ३६ टक्क्यांनी जास्त होता. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं घड्याळ बिघडवणाऱ्या पाळीकामाला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं आणि २०१९ मध्ये रात्रपाळीसाठी तो निर्णय कायम ठेवला. मात्र २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासांना असा संबंध आढळला नाही, हेही सांगायला हवं. रुग्णालयात आणि कारखान्यात आयुष्यभर रात्री जागलेल्या बहिणींनी घाबरून जाऊ नये. पण स्तनांची तपासणी टाळूही नये, आणि दिवसा झोपताना खोलीत खरा अंधार करून घ्यावा.

बाटलीवर आणि बाटलीत

१९६३ मध्ये उंदरांवर तो प्रयोग करणारे रिचर्ड वर्टमन पुढे झोपेकडे वळले. पन्नाशीपुढच्या निद्रानाश असलेल्यांवर त्यांच्या गटानं वेगवेगळ्या मात्रा तपासल्या. २००१ मध्ये त्यांनी नोंदवलं, की ०.३ मिलिग्रॅमनं रक्तातलं प्रमाण तरुणपणीच्या रात्रीइतकं होतं आणि झोपही सुधारते. ३ मिलिग्रॅम घेतल्यावर शरीराचं तापमान उतरलं आणि दुसऱ्या दिवशीही मेलाटोनिन रक्तात रेंगाळलं. मावशीची एक गोळी ०.३ मिलिग्रॅमच्या तेहतीस पट आहे. शरीराला कळतं ते 'रात्र झाली' एवढंच. तेच तेहतीस पट मोठ्यानं ओरडून सांगितलं म्हणून झोप तेहतीस पट लागत नाही.

अमेरिकेत मेलाटोनिन औषध म्हणून विकलं जात नाही, आहारपूरक म्हणून विकलं जातं. २०२३ मध्ये तिथल्या २५ मेलाटोनिन गमींची, म्हणजे चघळायच्या गोळ्यांची, तपासणी झाली. त्यांतल्या २२ मध्ये लिहिलेली मात्रा आणि प्रत्यक्ष मात्रा जुळली नाही. काहींत ती साडेतीन पटींच्या जवळ होती. युरोपात हळूहळू विरघळणारी २ मिलिग्रॅमची गोळी २००७ पासून ५५ वर्षांपुढच्यांसाठी, मर्यादित काळापुरती, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनी आणि नैराश्यासाठी फ्लुवॉक्सामिन घेणाऱ्यांनी मेलाटोनिन स्वतःहून मुळीच घेऊ नये. तोंडावाटे इस्ट्रोजेन चालू असेल, तरी ते शरीरात जास्त काळ टिकू शकतं.

मावशीला जे सांगितलं

दुसऱ्या दिवशी मी मावशीकडे गेले आणि हे सगळं तिच्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे गोळी वाईट नाही, पण माझे हार्मोन ती आणणार नाही. मग मी करू काय?"

सकाळी उठल्यावर अर्धा-पाऊण तास गच्चीत किंवा अंगणात बस, म्हटलं. वयानं डोळ्याचं भिंग पिवळं झालंय, आता तुला सकाळचा उजेड तरुणपणापेक्षा जास्त हवा. रात्रीचं जेवण झालं की दिवाणखान्यातली पांढरी ट्यूब बंद कर, कोपऱ्यातला पिवळा दिवा लाव, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव. रात्री बाथरूमला जाताना मोठा दिवा लावू नकोस, पण अंधारात धडपडूही नकोस, पायाशी छोटा मंद दिवा असू दे. वाफांसाठी आपण दोघी मिळून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊ, बाटली सोबत नेऊ आणि त्या सांगतील तेवढीच मात्रा, सांगतील त्या वेळी घेऊ.

आणि एक गोष्ट तिला दोनदा सांगितली, ती इथेही लिहिते. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर, कुठलीही गोळी घेताना किंवा न घेता, रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी 'हार्मोन परत आले' असं समजून आनंदू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पण गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची पहिली खूण हीच असते, आणि लवकर कळला तर तो बरा होतो.

मावशी ऐकत होती. मग म्हणाली, "इतके दिवस मला वाटायचं, झोप लागत नाही म्हणजे माझं मनच थाऱ्यावर नाही. सगळ्यांनी तेच सांगितलं." ही लेखमाला मी लिहायला घेतली ती या एका वाक्यासाठी. रात्री तीनला जागी असणारी बाई कमकुवत मनाची नसते, देवधर्मात कमी पडलेली नसते, विनाकारण चिंता करणारी नसते. तिच्या मेंदूत, तिच्या नकळत, एक मोठा संवाद थांबलेला असतो, आणि शरीर त्या शांततेची सवय करून घेत असतं. हे तिला कुणीतरी नीट सांगायला हवं, आणि घरच्यांनाही.

पुढच्या आठवड्यात : डेन्मार्कमध्ये हाडं विरळ झालेल्या ८१ स्त्रियांना वर्षभर रोज रात्री मेलाटोनिन किंवा रिकामी गोळी दिली, तेव्हा मेलाटोनिन घेणाऱ्यांच्या मांडीच्या हाडाच्या मानेची घनता थोडी वाढली. अंधाराचा सांगावा हाडाला कसा कळतो, आणि नाचणी, ऊन व चालणं यांच्यापुढे त्याची किंमत किती, ते पाहू.